एक पट्टी वर

आमच्याकडे पाहुणे आले की चहा झाल्यावर माझा कार्यक्रम ठरलेला असायचा. बाबा मला भिंतीकडे तोंड करून बसवायचे, आईची पेटी पुढे ओढायचे आणि पाहुण्यांना म्हणायचे, "कुठलीही पट्टी दाबा, ही न बघता सांगेल." पाहुणे संकोचत एखादी पांढरी पट्टी दाबायचे. मी म्हणायचे, "पांढरी चार." मग ते जरा धीट होऊन काळी दाबायचे. "काळी दोन." पट्ट्या मोजायची आमची रीत सोपी होती. सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या, डावीकडून नंबर. दोन एकदम दाबल्या तरी मी दोन्ही सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे, आणि त्यांच्याहून जास्त बाबा. आई तेवढी आतून म्हणायची, "पुरे आता, तिला अभ्यास आहे."

अभ्यास संपला, बी.कॉम. झालं, मी वाशीला एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, तरी हा कार्यक्रम चालूच होता. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही परळची खोली सोडून सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. सोसायटीतले अर्धे फ्लॅट अजून बंद होते. जिन्यात कुणी चावी खाली टाकली तरी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. आईने वर्षभरात बायकांचं भजनी मंडळ जमवलं. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये भजन व्हायचं. आई गायची, मी पेटी धरायचे. तिचा आवाज पांढरी पाचमध्ये लागायचा. डोळे मिटून वाजवलं तरी बोट चुकायचं नाही.

एका गणपतीत सोसायटीने ऑर्केस्ट्रा बोलावला होता. त्याआधी बायकांच्या भजनाचा अर्धा तास होता. आमचं भजन संपल्यावर ऑर्केस्ट्राची गाणी बसवणारे अरेंजर स्टेजच्या मागे मला भेटले. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचा कीबोर्डवाला दुबईला चालला होता.

"कीबोर्ड वाजवशील का?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त पेटी वाजवते."

"बोटं तीच लागतात. रविवारी ये. रबाळ्याला आमची रिहर्सल असते."

बाबा शेजारीच उभे होते. ते लगेच म्हणाले, "सर, हिला कुठलाही सूर न बघता ओळखता येतो." सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं? मग बघू या की."

रिहर्सल रबाळ्याला का, हे तिथे गेल्यावर कळलं. राहत्या सोसायटीत ढोल वाजला की लोक तक्रार करायचे. म्हणून सरांनी एका ओळखीच्या कारखानदाराचा गाळा रविवारपुरता मागून घेतला होता. खाली मशीनं, वर लाकडी माळा, माळ्यावर वाद्यं. तेव्हा रबाळ्याला रेल्वे नव्हती, बसने जावं लागायचं. मी नवा ड्रेस घालून गेले होते आणि जिन्यातल्या ग्रीसने माझी ओढणी भरली.

सरांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मला हसू आलं. आमच्या घरात मी हेच तर करत आले होते.

त्यांनी कीबोर्डवर एक सूर वाजवला. पियानोचा आवाज लावला होता. मी अडखळले. "पांढरी सहा?" त्यांनी पुढचा वाजवला. मग कीबोर्डवरच बासरीचा आवाज लावून एक. मग ट्रम्पेटवाल्याला खूण केली असावी, कारण मागून एकदम पितळी सूर आला, तो पाठीत घुसल्यासारखा वाटला. मला तो फार उंच वाटला. मी म्हटलं, "पांढरी सात." मग व्हायोलिनवर एक. मला काहीच सुचेना. हॉलमध्ये पेटीवर पट्टी दाबली की नंबर आपोआप जिभेवर यायचा. इथे मी अंदाज करत होते.

"फिर इकडे," सर म्हणाले. "एक बरोबर आलं. तेही नशिबाने."

"घरी सगळे बरोबर येतात."

"येणारच. तू सूर ओळखत नाहीस, तू तुझी पेटी ओळखतेस. प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा असतो, कुठली घोगरी, कुठली नाकात बोलणारी. लहानपणापासून ऐकून तुला ती माणसं पाठ झालीत. सूर वेगळा आणि आवाज वेगळा. वाद्य बदललं तरी सूर तोच ऐकू आला, तर ओळखला म्हणायचं."

ते चिडून बोलले नाहीत. तरी माझे कान तापले. ट्रम्पेटवाला तोंड पुसत म्हणाला, "ताई, नका वाईट वाटून घेऊ. मला तर ह्यातलं कायबी येत न्हाई. सर बोटानं दाखवत्यात, मी फुंकतो." तो साताऱ्याकडचा. आधी गावाकडे लग्नाच्या बँडमध्ये होता, आता आठवडाभर वाशीच्या मार्केटात गोण्या उचलायचा आणि रविवारी ट्रम्पेट वाजवायचा.

सरांनी मला ठेवून घेतलं. नोटेशन वाचता येत होतं, बोटं चालत होती, तेवढं त्यांना पुरेसं होतं. मला पुरेसं नव्हतं. बसमध्ये परत येताना खिडकीशी बसून मी सगळ्या हॉर्नना नंबर देत होते आणि एकाही नंबरावर माझा विश्वास बसत नव्हता. घरी बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "घेतलं." त्यांनी लगेच फोन करून काकांना कळवलं.

पुढच्या रविवारी मीच सरांना म्हटलं, "मला शिकायचंय. वाद्य कुठलंही असो, सूर कळला पाहिजे."

"कशाला? कीबोर्डवाल्याला त्याची गरज नाही."

"मला पाहिजे."

त्यांनी थोडा विचार केला आणि त्याच दिवशी एक कॅसेट भरून दिली. ट्रम्पेट, व्हायोलिन, गिटार, क्लॅरिनेट, सगळ्यांचे सुटे सूर, मागे पुढे करून. प्रत्येक सुरानंतर थोडी शांतता आणि मग सरांच्या आवाजात उत्तर. "काळी एक." "पांढरी सहा." त्यांची अट एकच होती. शिकत असेपर्यंत पेटीशी जुळवून बघायचं नाही. "जुळवलंस तर ते ताडून पाहणं झालं, ओळखणं नाही."

मग ती कॅसेट माझ्या मागे लागली की मी तिच्या, सांगता येत नाही. सकाळी डबा भरताना ऐकायचे, ऑफिसातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी टेपचं बटण दाबायचे. उत्तर येण्याआधी स्वतःशी बोलायचे. चुकलं की रिवाइंड. आमचा टेपरेकॉर्डर बाबांच्या परळच्या दिवसांतला, कव्हर निघालेला, पण चालत होता. सरांचा आवाज त्यावर जरा जड वाटायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांना सर्दी असेल, असं मी धरून चालले.

एक गोष्ट मात्र थोड्याच दिवसांत टोचायला लागली. कॅसेटवर सर "काळी चार" म्हणायचे आणि माझ्या आत कुणीतरी हळूच म्हणायचं, पांढरी पाच. ते म्हणायचे "पांढरी सात", आतून यायचं काळी पाच. मला वाटलं, हीच ती अडचण. पेटीच्या सवयीने कान बिघडलाय, वाद्य बदललं की सूर सरकल्यासारखा वाटतो, आणि हे सरकणंच मोडून काढायचंय. म्हणून आतला आवाज मी हट्टाने दाबत गेले. गुरुवारी आईबरोबर पेटीवर बसले की डोकं भणभणायचं. पट्टी मी दाबायचे पांढरी पाच आणि कान म्हणायचा काळी चार. आई विचारायची, "कपाळाला आठ्या का?" मी म्हणायचे, "काही नाही."

हळूहळू जमायला लागलं. ट्रम्पेट असो, गिटार असो, कॅसेटवरचं उत्तर यायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. एकही चुकेनासं झालं. एका रविवारी मी स्वतःहून सरांना म्हटलं, "आज परीक्षा घ्या."

मी भिंतीकडे तोंड केलं. ट्रम्पेटवाल्याने सूर लावला.

"काळी तीन," मी म्हटलं.

मग व्हायोलिन. "काळी चार." गिटारची एक तार. "पांढरी सात." मी एकदाही थांबले नाही, एकदाही अंदाज केला नाही. मागे वळले तेव्हा वाटलं होतं, सर हसत असतील. ते कागदावर काहीतरी लिहून त्याकडे पाहत होते.

"सगळी चूक," ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसून राहिले.

"थांब, ऐकून घे. ट्रम्पेटवर पांढरी चार होती, तू काळी तीन म्हणालीस. व्हायोलिनवर पांढरी पाच, तू काळी चार. गिटारवर काळी पाच, तू पांढरी सात. तू चुकतेस, पण प्रत्येक वेळी सारखीच चुकतेस. एक पट्टी वर." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "असं चुकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. कॅसेट कशावर ऐकतेस?"

पुढच्या रविवारी मी टेपरेकॉर्डर ओढणीत गुंडाळून रबाळ्याला नेला. सरांनी त्यात कॅसेट लावली आणि कीबोर्डवर तोच सूर दाबला. दोन्ही एकमेकांना चिकटेनात. टेप हळू चालत होता. आतला रबरी बेल्ट वर्षानुवर्षांत सैल पडला होता, त्यामुळे कॅसेट सावकाश फिरायची आणि सगळे सूर जवळजवळ एका पट्टीने खाली उतरायचे. सर्दी कुणालाच झाली नव्हती. मी मन लावून जे पाठ केलं, ते सगळं खाली उतरलेलं होतं आणि त्याला नाव वरच्या पट्टीचं होतं.

ट्रम्पेटवाला एवढं हसला की त्याला ठसका लागला. "म्हंजी ताई बरोबर, मशीन चुकीचं."

"हसण्यासारखं नाही," सर म्हणाले, पण तेही हसत होते. मग मला म्हणाले, "टेन्शन घेऊ नको. अगं, तुला आलंय ते. तिन्ही वाद्यांवर आलंय. फक्त नावं एक एक घर मागे सरकव."

ऐकायला किती सोपं होतं. वाशीच्या दुकानात बेल्ट बदलून मिळाला, तेवढ्यावर टेप सुधारला. माझ्या डोक्यात बेल्ट नव्हता. पुढचे काही महिने माझ्या आत दोन माणसं भांडत होती. एक म्हणायचा पांढरी चार, दुसरा म्हणायचा काळी तीन, आणि दोघेही तितक्याच खात्रीने. ऑफिसात टाइप करताना कुणाच्या तरी टेबलावरचा फोन वाजला की माझी बोटं थांबायची. सकाळी सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की मी जागी व्हायचे आणि पंपाचा नंबर ठरेपर्यंत पुन्हा झोप लागायची नाही. मिक्सर, लिफ्ट, रिक्षा, कुकर. बाबा समोर बसून काही सांगत असले तरी मला त्यांच्या मागचा पंखा ऐकू यायचा. ते म्हणायचे, "लक्ष कुठाय तुझं?" आईने एकदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि मग, पावसाळ्याच्या शेवटी कधीतरी, दोघांपैकी एक गप्प झाला. नक्की कोणत्या दिवशी ते माहीत नाही. मी वाशीच्या बसस्टॉपवर उभी होते, एका ट्रकने हॉर्न दिला आणि मी मनात म्हटलं, काळी एक. दुसरं उत्तर आलंच नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. नाही आलं. रविवारी सरांनी पुन्हा भिंतीकडे बसवलं. ट्रम्पेट, व्हायोलिन, गिटार, क्लॅरिनेट, शेवटी स्टीलच्या ग्लासावर चमचा. सगळं बरोबर निघालं. बाबांनी त्या दिवशी पेढे आणले.

मला वाटलं होतं, आता स्वस्थ वाटेल. झालं उलट. कान एकदा लागला तो बंदच होईना.

पहिला तडाखा कळंबोलीला बसला. तिथल्या वाहतूकवाल्यांची वर्षाची पूजा होती. लोखंडाच्या मार्केटच्या कडेला मैदानात स्टेज बांधलं होतं, दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे. दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. पहिली गाणी झाली आणि आमची गायिका स्टेजच्या मागे येऊन सरांना म्हणाली, "घसा बसलाय, वरचा सूर लागणार नाही. पुढचं गाणं एक पट्टी खाली घ्या."

सरांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ट्रान्सपोज, एक खाली."

कीबोर्डवर त्यासाठी बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर ठेवायची, आवाज आपोआप खालचा येतो. सगळे कीबोर्डवाले तेच करतात. मीही आधी दोनदा केलं होतं आणि काही जाणवलं नव्हतं. गाणं पांढरी एकमधलं होतं. मी बटण दाबलं, पांढरी एकवर बोट ठेवलं, आणि ऐकू आली पांढरी सात.

माझं बोट आगीवरून काढावं तसं मागे आलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. डोळ्यांना एक पट्टी दिसत होती, कान दुसरीच सांगत होता, आणि पुढचं बोट कुठे टाकायचं ते हात विसरले. ढोलकवाल्याने ठेका धरला होता. गायिका माझ्याकडे बघत होती. मी चार सूर वाजवले, चौथा साफ चुकला. पुढे बसलेल्या ड्रायव्हर मंडळींतून कुणीतरी शिट्टी मारली.

ट्रम्पेटवाला माझ्या डाव्या हाताला होता. तो वाकून म्हणाला, "काय झालं ओ ताई?"

"वाजवता येत नाहीये."

त्याने ट्रम्पेट तोंडाला लावला आणि नुसता सा धरून ठेवला, लांबलचक, मध्ये श्वास घेऊन पुन्हा. सगळ्यांना वाटलं, गाण्याची सुरुवातच अशी आहे. तेवढ्या वेळात मी बटण बंद केलं आणि खरोखरच्या पांढरी सातपासून सुरुवात केली. त्या पट्टीत पाचही काळ्या लागतात. बोटं अडखळत होती, निम्मे सूर मी गाळले, पण जे वाजले ते जागेवर वाजले. गाणं कसंबसं पार पडलं. खाली उतरले तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती.

सर वायरी गुंडाळत होते. "आधी जमत होतं ना हे?" त्यांनी विचारलं.

"आधी पट्टी दिसायची तीच वाजतेय असं वाटायचं. आता वाटत नाही."

त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाले, "मी मोठ्या लोकांबद्दल ऐकलं होतं असं. तुझ्याबाबतीत लक्षातच आलं नाही. कान तयार करताना हे सांगायला हवं होतं मी." पुढे म्हणाले, "आता दुसरा इलाज नाही. प्रत्येक गाणं बाराही पट्ट्यांत हाताने बसव. बटणाकडे बघूच नकोस."

मी बसवली. आमच्या यादीतली सगळी गाणी, सगळ्या पट्ट्यांत. पैसे साठवून जुना कीबोर्ड घेतला आणि ऑफिसच्या आधी, ऑफिसनंतर वाजवत बसले. घरातले कंटाळले असणार. कुणी बोललं नाही.

बोलली ती आई, आणि तेही वेगळ्याच गोष्टीवर. गुरुवारचं भजन चालूच होतं. आईचं वय वाढत होतं. पांढरी पाचमध्ये सुरू केलेलं भजन तिसऱ्या कडव्यापर्यंत थोडंसं खाली यायचं. पाव पट्टी, कधी अर्धी. पूर्वी मला ते कळत नसे. आता तिने सूर सोडल्या क्षणी माझा जबडा आवळला जायचा. मी पेटीचा भाता जोरात ओढायचे, तिला वर आणण्यासाठी. ती गोंधळायची, वर यायचा प्रयत्न करायची, मग शब्द चुकायची.

एका गुरुवारी बायका गेल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "पुढच्या वेळेपासून आम्ही टाळांवरच म्हणू."

"का?"

"तू पेटीवर असलीस की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. देवापुढे बसलेय की तुझ्यापुढे, तेच कळत नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुढचे कितीतरी गुरुवार मी भजनाच्या वेळी खाली सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायचे. टाळ आणि आईचा आवाज खिडकीतून खाली यायचा. मी मुद्दाम रस्त्याच्या बाजूला जायचे आणि तिकडून पुन्हा परत यायचे. ऐकवतही नव्हतं आणि लांबही जाववत नव्हतं.

दशक संपता संपता ऑर्केस्ट्राची मागणी कमी झाली. लोक तयार ट्रॅक लावून गाऊ लागले, वादकांची गरज उरली नाही. सरांनी गाळा सोडला. ट्रम्पेटवाला लग्नसराईत गावी जाऊन बँडमध्ये वाजवायचा, बाकी मार्केटात. मला तो एकदा वाशीला भेटला, म्हणाला, "ताई, अजून सगळ्याला नंबर देता व्हय?" मी म्हटलं, "देते." तो म्हणाला, "दमत न्हाई का?" मी म्हटलं, "दमते."

त्याच वर्षी मंडळातल्या टाळवाल्या काकू मुलाकडे पुण्याला गेल्या आणि आषाढी एकादशीचं भजन तोंडावर आलं. आईने मला विचारलं नाही, पण पेटीवरचं फडकं काढून ठेवलं. मी बसले. तिने सुरू केलं, पांढरी पाच. दुसऱ्या कडव्यानंतर ती उतरायला लागली. माझा हात भात्यावर घट्ट झाला आणि मग मी भाताच थांबवला. कडवं तिला एकटीला म्हणू दिलं. संपताना ती जिथे येऊन थांबली, ती जवळजवळ काळी तीन होती. मी काळी तीनवरून पेटी सुरू केली. बाराही पट्ट्यांत हात बसला होता, त्यामुळे अवघड काहीच नव्हतं. शेवटचं भजन आम्ही पांढरी चारमध्ये संपवलं.

आरती झाल्यावर आईने प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली. "आज पेटी बरी बोलत होती," ती म्हणाली. "दुरुस्त केलीस का?"

"नाही," मी म्हटलं.

ती पुढच्या बाईला वाटी द्यायला वळली. बायका बोलत होत्या, भांडी वाजत होती, बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, आणि माझा कान एकेकाला नंबर देत चालला होता. मी त्याला अडवलं नाही. वाटी रिकामी करून मी बायकांना पाणी द्यायला उठले.